साल काढली, विष निघाले का?

जोगेश्वरीला, मजासवाडीत, एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम पडला. संध्याकाळी वहिनी भाजी चिरायला बसल्या. दुधीची साल गेली, काकडीची गेली, टमाट्याचीसुद्धा गेली. आम्ही बघत राहिलो, तशा त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही शेतकीचे शिकलेले. शेतकरी भाजीवर नाही नाही ते मारतात म्हणे. साल काढली की भागतं ना?"

प्रश्न सरळ होता, पण उत्तर देताना आमचीच जीभ अडखळली.

काही औषधे सालीवरच राहतात. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतले की त्यातला काही भाग जातो, साल काढली तर आणखी जातो. पण आंतरप्रवाही औषध झाड पिऊन घेते. ते रसाबरोबर पानात आणि गरातही उतरते, तिथे सुरी पोचत नाही. शिवाय सालीबरोबर चोथा जातो, जीवनसत्त्वेही जातात. आपल्या आया दोडक्याच्या शिरांची चटणी करीत, त्या काही वेड्या नव्हत्या. म्हणून वहिनींना सांगितले, चोळून धुवा आणि शक्यतो सालीसकट खा. बटाट्याची हिरवी झालेली साल मात्र काढाच, ती मुळातच विषारी.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, आपण म्हणू, भाजीपाला बागायतदाराचा, आपण कोरडवाहू, आपला काय संबंध? मग आपल्या पऱ्हाटीच्या तासात टोचलेली काकडी, चवळी, अंबाडी कोणाची? पंपाचा फवारा तिच्यावरही पडतो. मोनोक्रोटोफॉस हे आंतरप्रवाही औषध. भाजीपाल्यावर ते वापरायला सरकारने २००५ साली बंदी केली, कपाशीवर मात्र ते पुढे कित्येक वर्षे चालूच राहिले. पऱ्हाटीतल्या काकडीने स्वतःला भाजी समजायचे की कपाशी? आणि आपली पोरे तीच काकडी बांधावर मोडून खातात, न धुता, न सोलता.

पहिला फवारा तर आपल्याच अंगावर येतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. काकडी सोलता येते, माणूस कसा सोलणार?

यात एकट्या शेतकऱ्याला दोषी धरणे आम्हाला मान्य नाही. दुकानदार उधारीवर देईल ती बाटली तो आणतो. बाटलीवरची अक्षरे मुंगीएवढी. म्हणून जिल्हा बैठकीत ठराव मांडा : फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये, हे प्रत्येक बाटलीवर ठळक मराठीत छापले पाहिजे आणि दुकानदाराने पक्की पावती दिलीच पाहिजे.

घरचे काम मात्र ठरावावाचून होणारे आहे. येत्या पेरणीला भाजीच्या चार ओळी पऱ्हाटीतून काढून घराजवळ लावा. जागाच नसेल, तर फवारलेल्या तासातली भाजी घरी आणू नका आणि पोरांना तसे बजावून ठेवा. वहिनींना आम्ही धुवायला सांगून आलो, पण खरे उत्तर आपल्या शेतातूनच द्यावे लागेल.