सोसायटीची पिकअप भंगारात का घालायची?

मंडळी, शेडमागे चार वर्षं पडून असलेली आपली जुनी पिकअप यंदा बंदीच्या ६१ दिवसांत आम्ही चालू केली. "भंगारात घाला" म्हणणारे बरेच होते. आमचं मत वेगळं.

इंजिन मेलं नव्हतंच. टाकीत डिझेलचा गाळ झाला होता, वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं, बॅटरी गेलेली. आधी टाकी उतरवून धुतली, फिल्टर आणि ऑइल बदललं, इंजिन हाताने फिरवून बघितलं, लाइनमधली हवा काढली, मगच चावी मारली. तिसऱ्या खेपेला धूर सोडत सुरू झाली.

पण सुरू झाली म्हणजे रस्त्यावर आणायची असं नाही. खाऱ्या पाण्याने ब्रेकचे पाइप खाल्ले होते. बर्फ-मासळीचं वजन घेऊन उतारावर ब्रेक गेला तर माणसं जातील. म्हणून पाइप नवे घातले. आता फिटनेस आणि विमा झाल्याशिवाय एक क्रेटसुद्धा भरायचा नाही.

खरा दोष गंजाचा नाही, आपला आहे. होडी आपण धुतो, रंगवतो. गाडी मात्र सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही. दर खेपेनंतर ती गोड्या पाण्याने खालून धुवा. बंदीत आठवड्यातून एकदा फिरवा. चावी आणि हिशेबाची वही एकाच माणसाकडे ठेवा.

१ ऑगस्टला होड्या सुटतील. भाड्याच्या टेम्पोची वाट बघत मासळी मऊ पडते आणि भाव दुसराच कुणी ठरवतो. गाडी आपली असेल, तर निदान बाजार आपण निवडू.