परत कुठून फिरशील?

दिवाळीच्या फराळाभोवती चार वडीलधारी माणसे जमली, की घरातल्या तरुण पोरांच्या भवितव्याचा निकाल चकली संपायच्या आत लागतो. डॉक्टर, इंजिनिअर, सरकारी नोकरी, फार तर परदेश. आणि तोही विमानाने. आमच्या यवतमाळात एखाद्या मुलीने ‘मला शिडाच्या होडीतून महासागर ओलांडायचा आहे’ असे म्हटले, तर तिथे काय होईल याची वाचकांनी कल्पना करावी. मला ती करावी लागली नाही. मी तिथेच बसलो होतो.

ही आमच्या शेजारची मुलगी नोकरीनिमित्त मुंबईला असते. दोन वर्षांपासून सुटीच्या दिवशी शिडाची होडी चालवायला शिकते आहे. आणखी दोघांबरोबर गोव्याहून मॉरिशसला जायचा तिचा बेत आहे. तिचे मामा म्हणाले, “समुद्र म्हंजे का बेंबळा धरण वाटलं तुले?” सगळे हसले. मग काकांनी दुसरे टोक गाठले : “जाऊ द्या ना, नाव काढन पोट्टी! पेपरात फोटो येईन.” झाले! अर्ध्यांनी तिला वेड्यात काढले, अर्ध्यांनी हार घातला. तिच्या हातातली वही उघडून पाहावी, असे मात्र कुणालाच वाटले नाही.

या दोन्ही पक्षांशी माझे भांडण आहे.

आधी हसणाऱ्यांचे पाहू. त्यांचे म्हणणे असे, की आपण कोरडवाहू मुलखातली माणसे, आपला समुद्राशी संबंध काय? मी उलट विचारतो, आपला कापूस कुठे गेला? विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी इंग्रजी कंपनीने सुरू केली, ती काही आपल्याला देवदर्शन घडवायला नव्हे. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लोहमार्गाला मिळावा, मुंबईच्या बंदरात जावा आणि तिथून बोटीने विलायतेच्या गिरण्यांत पोचावा, म्हणून. लोकांनी जिला ‘शकुंतला’ म्हटले, ती गाडी आता बंद पडली आहे. पण आपल्या शेतातला माल पिढ्यान्‌पिढ्या समुद्र ओलांडत होता आणि आपण धुऱ्यावर उभे राहून ‘समुद्र आपला नव्हे’ म्हणत होतो, हे खरेच. आणि मृग लागला की ज्याच्याकडे आपण डोळे लावून बसतो, तो पाऊस तरी कुठला? शतकानुशतके गलबते हाकणारा वारा आणि आपली पऱ्हाटी जगवणारा वारा एकच आहे.

तरीही ज्यांना जन्मगावाचा दाखला हवा, त्यांनी ‘तारिणी’ची गोष्ट ऐकावी. १० सप्टेंबर २०१७ रोजी भारतीय नौदलातल्या सहा स्त्रिया या पंचावन्न फुटी नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २१ मे २०१८ रोजी गोव्यालाच परतल्या. त्यांची नायिका वर्तिका जोशी ही ऋषिकेशची. प्रतिभा जामवाल कुल्लूची, पायल गुप्ता देहरादूनची, विजया देवी मणिपूरची, ऐश्वर्या बोड्डापाटी हैदराबादची. सहांपैकी एकट्या स्वाती विशाखापट्टणमच्या, म्हणजे समुद्रकाठच्या. कुल्लूच्या मुलीला जे जमते, ते वणी-पुसदच्या मुलीला का जमू नये?

यावर कुणी म्हणेल, ती नौदलाची माणसे, त्यांची गोष्ट वेगळी. मान्य. पण नौदलाने तरी काय केले? निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी एकट्या भारतीयाने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना लावून धरली. २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे पुढे आले, तेव्हा नौकाही नव्हती आणि असल्या सफरीचा अनुभवही नव्हता. ते जगप्रसिद्ध दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली शिकले. गोव्यात दिवार बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली जात असताना तिचा कोपरा न् कोपरा त्यांनी ओळखून घेतला. मग मॉरिशसपर्यंत सोबत्यांबरोबर जाऊन ते एकटे परतले. एवढे झाल्यावर १९ ऑगस्ट २००९ रोजी त्यांनी मुंबई सोडली आणि चार बंदरांत थांबत मे २०१० मध्ये प्रदक्षिणा पुरी केली. आरंभी सगळेच अननुभवी असतात. अननुभव हा गुन्हा नव्हे. तो झाकून ठेवणे हा गुन्हा.

आता हार घालणाऱ्यांकडे वळतो, कारण माझा खरा राग त्यांच्यावर आहे. १९६८ मध्ये इंग्लंडात एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत लागली. नऊ जण निघाले, पुरी केली एकट्या नॉक्स-जॉन्स्टनने. तीही मुंबईत सागवानात बांधलेल्या ‘सुहेली’ या लहानशा नौकेतून. त्या नऊ जणांत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा गृहस्थ होता. धंदा विजेच्या उपकरणांचा, नौकानयन सुटीपुरते. त्याने नौकेसाठी पैसा उभा केला तो अशा अटीवर, की सफर फसली तर भार त्याच्याच डोक्यावर आणि धंदा बुडालेला. वर्तमानपत्रांनी त्याला आधीच वीर ठरवून टाकले. नौका अपुरी असताना, मुदतीच्या अखेरच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला तो निघाला. पुढे जावे तर नौका टिकणार नाही, मागे फिरावे तर दिवाळे आणि नाचक्की. तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि आपला ठावठिकाणा खोटा कळवू लागला. जुलै १९६९ मध्ये नौका सापडली, ती रिकामी. घरी बायको आणि चार मुले होती. नॉक्स-जॉन्स्टनने आपल्या बक्षिसाचे पाच हजार पौंड त्या कुटुंबाला देऊन टाकले.

क्रोहर्स्टला समुद्राने नव्हे, परतीची वाट बंद करणाऱ्या कराराने आणि टाळ्यांनी मारले, असे माझे मत आहे. कर्ज काढून पेरणी करणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हे निराळे समजावून सांगायला नको. मागे फिरायची वाट उरली नाही की माणसाचे काय होते, ते आपण फार जवळून पाहिले आहे. म्हणून निघण्याआधीच छापून येणाऱ्या फोटोची मला भीती वाटते.

मग घरच्यांनी करावे काय? हिशेब मागावा. शिडाची लहान नौका ताशी पाच सागरी मैल धरली, तर दिवसाला एकशेवीस होतात. गोवा ते मॉरिशस सुमारे २,३०० सागरी मैल. म्हणजे वीस दिवस. वारा पडला तर? पाणी तीस दिवसांचे हवे. माणशी रोज चार लिटर, तिघांचे ३६० लिटर. ज्या घरात दुबार पेरणीचे बियाणे बाजूला ठेवतात, त्या घराला हे गणित कठीण नाही. निघायचे कधी? जून ते सप्टेंबर आपल्याकडे दर्या खवळलेला आणि त्याच्या आगेमागे चक्रीवादळांचे भय. हिवाळ्यात इकडे समुद्र निवळतो, तर मॉरिशसभोवती साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हेच वादळांचे दिवस. रात्री पहारा कोणाचा? कमरेचा दोर नौकेला बांधल्यावाचून कुणी वर जाणार नाही ना? संकटाची खूण उपग्रहामार्फत कळवणारे यंत्र घेतले का?

शेवटचे यंत्र भित्र्यांसाठी नव्हे. अभिलाष टॉमी यांनी २०१३ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी केली होती. त्यांचीही डोलकाठी सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने मोडली आणि पाठीचा कणा जायबंदी झाला. ते कुठे आहेत हे जगाला ठाऊक होते, म्हणून तीन दिवसांनी फ्रेंच जहाज त्यांच्यापर्यंत पोचले. त्याच शर्यतीत ते २०२३ मध्ये दुसरे आले. अनुभव वादळ टाळत नाही. तयारी माणूस परत आणते.

मी त्या मुलीला एवढेच विचारले, “परत कुठून फिरशील?” तिने वहीचे पान काढले. आधी गोवा ते लक्षद्वीप. तिथवर रात्रीचे पहारे निभले नाहीत तर पुढचा बेत रद्द. पुढे निघाल्यावर बिघाड झाला तर मालदीव गाठायचे. अमुक तारखेपर्यंत नौका सज्ज झाली नाही, तर त्या वर्षी निघायचेच नाही. आणि कर्ज एका पैशाचे नाही.

असे पान ज्या मुलाच्या वहीत असेल, त्याला अडवायचा अधिकार कोणत्याही मामाला नाही. ज्याच्या वहीत नसेल, त्याला हार घालायचा अधिकार कोणत्याही काकाला नाही. आणि निघालेले पोर अर्ध्या वाटेवरून शहाणपणाने परत आले, तर त्याला ओवाळून घरात घ्यायचे आणि गावाने तोंड मिटून बसायचे. मुलांना समुद्रावर पाठवण्यापूर्वी यवतमाळने एवढी तरी तयारी करावी.