सांगून न येणारा पाऊस

पाऊसपाण्यावर बोलणे म्हणजे बोलायला दुसरे काही नसणे, असा एक समज शिकलेल्या माणसांत पक्का बसला आहे. लिफ्टमध्ये दोन अनोळखी माणसे भेटली की "उकाडा काय हो यंदा!" म्हणतात आणि आपापल्या मजल्यावर उतरतात, तो हा प्रकार. आमच्या कचेरीतही सकाळी पंखा सुरू करताना पहिले वाक्य बहुधा हेच असते. माझे मत मात्र वेगळे आहे. गोव्यात तरी हवेबद्दलचे बोलणे हे वेळ घालवायचे बोलणे कधीच नव्हते. ती बातमी होती, आणि ती कळली नाही तर नुकसान व्हायचे. ती बातमी ऐकण्याची आपली सवय मोडत चालली आहे, एवढेच मला इथे सांगायचे आहे. हे मला सुचले कुठे, तर जिथे हवामानाला आत शिरूच द्यायचे नाही अशी सगळी व्यवस्था असते, अशा एका रिसॉर्टमध्ये दोन रात्री राहिल्यावर!

त्याचे असे झाले. मे २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या पुण्याच्या नातेवाइकांनी मुलीचे लग्न गोव्यात ठरवले, किनाऱ्याजवळच्या एका रिसॉर्टमध्ये. आमचे घर तिथून पाऊण तासाच्या वाटेवर, तरी "सगळ्यांनी एकत्र राहायचे" असा आग्रह पडला आणि आम्हालाही खोली मिळाली. गोवेकराला गोव्यातल्याच हॉटेलात पाहुणा होण्याचा योग तसा कमीच येतो. या रिसॉर्टची कल्पना 'जुने गोमंतकीय गाव' अशी. निळी, पिवळी, तांबडी घरे, प्रत्येकाला बल्कांव, वर कौले, खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने. मधल्या चौकात तुळशीवृंदावन, पण त्यात तुळस नाही, शोभेचे काहीतरी लावलेले. स्वागतकक्षाच्या भिंतीवर एक नांगर, एक सूप आणि एक इरले, तिन्हींवर वेगवेगळा दिवा सोडलेला. आमच्याबरोबरच्या पुण्याच्या एका मुलीने विचारले, "काका, ती मोठी टोपली कसली?" मी सांगितले, "ती टोपली नव्हे, पावसात डोक्यावरून पाठीवर घ्यायची, लावणी करताना." तिने त्याचा फोटो काढला.

कौलांच्या खाली स्लॅब होता. शिंपल्यांच्या तावदानांमागे न उघडणारी काच होती. खोलीत बावीस अंश थंडी, आणि बल्कांवावर बसावे तर एसीच्या बाहेरच्या यंत्राची गरम हवा थेट अंगावर. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. खोली स्वच्छ होती, माणसे अदबीने वागत होती, जेवणही उत्तम. पण मनात आले, आपल्या जुन्या घराचा एकेक भाग हा इथल्या हवेला दिलेले उत्तर होता. पावळी इतक्या खाली उतरलेल्या, कारण पाऊस तिरका येतो. शिंपल्यांची तावदाने, कारण उजेड हवा पण उन्हाची तिरीप नको. बल्कांव, कारण संध्याकाळचा खारा वारा तिथे भेटतो, आणि वाऱ्याबरोबर शेजारीही. इथे उत्तरे सगळी नीट मांडून ठेवली होती, फक्त प्रश्न बाहेर ठेवला होता.

आणि पाऊस? तोही होता. पोहण्याच्या तलावाशेजारी पाइपांना भोके पाडून केलेला, वेळ संध्याकाळी पाच ते सहा. 'रेन डान्स' असे फलकावर लिहिलेले. हिंदी गाणी लागली, लग्नाची सगळी तरुण मंडळी त्याखाली नाचली, आमची कन्याही नाचली. सहा वाजता नळ बंद झाला, पाऊस थांबला. वेळेवर येऊन वेळेवर जाणारा पाऊस मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फेरी मारायला निघालो तर हिरवळीवर एक वयस्क माळी नळीने पाणी घालत होते. साठी ओलांडलेले असावेत. तिथली सगळी मुले त्यांना 'मामा' म्हणत. मी आपले सवयीने विचारले, "मामा, यंदा पावस बेगीन येतलो दिसता?"

त्यांनी आधी नळ बंद केला. मग आकाशाकडे नव्हे, माडांच्या चुडतांकडे पाहिले. म्हणाले, "पावस येतलो. पूण आतां तो सांगून येना."

मग पाऊण तास आम्ही हवेबद्दलच बोललो. त्यांच्या घरी मिठागर होते, आजोबापासूनचे. पाऊस सरला की आगरातले पाणी काढायचे, बांध घालायचे, पायांनी तुडवून तळ घट्ट करायचा, मग भरतीचे पाणी घेऊन उन्हाची वाट बघायची. मीठ निघायचे ते उन्हाळ्यात, मे अखेरपर्यंत. राशी करायच्या आणि पावसाआधी त्या झापांनी शाकारायच्या. "बापायच्या वेळार" हा हिशेब ठरलेला असायचा. त्यांच्या स्वतःच्या शेवटच्या वर्षांत मात्र मार्च-एप्रिलमध्येच एखाददुसरी सर यायला लागली. एक सर म्हणजे आगरातले पाणी पातळ, तयार होत आलेले मीठ विरघळून गेले, पुढचे कितीतरी दिवस फुकट. मजूर थांबत नाहीत, मिठाला भाव नाही. शेवटी सोडून दिले. आता त्या आगरात चिपी उगवली आहे म्हणाले.

मला वाटले, आता ते हळहळतील. तसे काही झाले नाही. त्यांनी पुन्हा नळ सोडला आणि शांतपणे म्हणाले, "हांगा बरें. पावस पडूं, ना पडूं, पगार मेळटा." मग मला विचारले, "तुमी खंय काम करतात?" मी म्हटले, "सरकारांत." ते हसले. "मग तुमचेंय तशेंच."

हे वाक्य माझ्याबरोबर घरी आले. कारण ते शंभर टक्के खरे आहे. पाऊस लवकर येवो, उशिरा येवो, माझा पगार महिनाअखेरीला जमा होतो. आज गोव्यातल्या बहुतेक शिकलेल्या मराठी घरांची हीच स्थिती आहे. कोणी शिक्षक, कोणी बँकेत, कोणी कारखान्यात. हवेचे बोलणे आपल्यासाठी लिफ्टमधले बोलणे झाले ते यामुळे. ज्याच्या पोटाला पाऊस लागत नाही त्याच्या कानाला तो कसा लागणार? आणि मामांना दोष तरी कुठल्या तोंडाने द्यायचा? आभाळाकडे डोळे लावून जगणे हे काही कवितेतल्यासारखे सुंदर नसते. ते त्यातून सुटले, याचा मला आनंदच आहे.

पण त्या सुटण्याबरोबर एक गोष्ट गेली. पूर्वी कोणी "वारें फिरलें" म्हणाले की त्याच्यामागे दहा प्रश्न उभे राहायचे. चुडतांचे झाप विणून झाले का? लाकडे आत घेतली का? भिरंडांची सोलां वाळली का? मिठाची रास शाकारली का? खाजनाच्या बांधाला कुठे भगदाड नाही ना, मानशीच्या फळ्या धड आहेत ना? पुरुमेंत भरले का? हा पुरुमेंत शब्दच बघा. पोर्तुगीजांकडून आला, पण पावसाळ्याची बेगमी हा अर्थ घेऊन हिंदू-ख्रिस्ती सगळ्या घरांत रुजला. मडगावला पेंतेकोस्तच्या सुमारास पुरुमेंताचे फेस्त भरते, सुकी मासळी, मिरच्या, सोलां, कडधान्ये घ्यायला. २०२५ साली पेंतेकोस्त ८ जूनला होते. पाऊस गोव्यात २५ मेला दाखल झाला, पूर्ण दोन आठवडे आधी! केरळात तो २४ मेला, म्हणजे नेहमीच्या १ जूनऐवजी आठ दिवस आधी आला आणि दुसऱ्याच दिवशी आपल्याकडे. मासेमारीची बंदी १ जूनपासून सुरू होते, त्याचीही त्याने वाट पाहिली नाही. मामा म्हणाले तेच. सांगून आला नाही.

आता कोणी म्हणेल, पाऊस कधी लवकर, कधी उशिरा, हे पूर्वापार चालत आलेले आहे. एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही मान्य. पण केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये देशाच्या हवामानाचा जो अहवाल काढला, त्यात १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढल्याचे नोंदले आहे. आणि हिंदी महासागराच्या उष्ण पट्ट्यातले पाणी १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एक अंशाने तापले आहे. समुद्र तापला की हवेत बाष्प जास्त, वादळांना बळ जास्त. मे २०२१ मधले तौक्ते चक्रीवादळ आपण विसरलेलो नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये सत्तरी-डिचोलीत पूर आला, १९८२ नंतरचा सर्वांत मोठा असे तेव्हा सांगितले गेले.

वादळ, पूर यांची निदान नोंद तरी होते. कारकून म्हणून इतकी वर्षे काढल्यावर मला एक गोष्ट कळली आहे, की कागदाला तारीख लागते. माड पडला, घराचे छप्पर उडाले, पाणी शिरले, तर त्याला दिवस असतो, पंचनामा होतो, फाइल उघडते. पण डिसेंबर-जानेवारीत हवी तेवढी थंडी पडलीच नाही आणि मानकुरादला मोहोर कमी आला, याची तारीख कुठली? ढगाळ हवा रेंगाळली आणि काजूचा तुरा करपला, तो कोणत्या दिवशी? आगर सोडून दिले, ते कोणत्या वादळात? असे नुकसान कोणत्याच रकान्यात बसत नाही. ते राहते फक्त माणसांच्या बोलण्यात. म्हणून ते बोलणे महत्त्वाचे. तेही बंद झाले तर ते नुकसान झालेच नाही, असे होईल.

मोबाइलवर तासातासाचा अंदाज मिळतो, मग या बोलण्याची गरज काय, असेही कोणी विचारील. वेधशाळेच्या इशाऱ्यांनी समुद्रावर गेलेली माणसे वाचतात, त्यांचे महत्त्व मी कमी लेखणार नाही. नक्षत्रावरून पाऊस सांगता येतो असेही माझे म्हणणे नाही. पंचांगातले बेडूक, म्हैस, हत्ती ही वाहने गमतीने वाचावीत. पण पंचांगाचा एक उपयोग आपण विसरतो. मृग लागते ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. या तारखा सूर्यावर ठरतात, पावसावर नाही. पाऊस हलला तरी त्या हलत नाहीत. म्हणजे ती एक मोजपट्टी आहे. "यंदा मृगाच्या आधीच गादे चिखलाने भरले" असे आजी म्हणते तेव्हा ती अंधश्रद्धा सांगत नसते, ती माप सांगत असते. मोबाइल उद्याचा पाऊस सांगतो. तीस वर्षांपूर्वीचा आणि आजचा यांत फरक काय, तोही आपल्या वाड्यावरचा, हे तो सांगत नाही. ते ज्याने पाहिले त्यालाच ठाऊक.

आपल्या घरात अशी दुसरी मोजपट्टी आहे ती माटोळी. चवथीला गणपतीच्या वर बांधतो ती. नारळ, सुपारीचे शिपटे, आंबाडे, तोरिंग, निरफणस हे तर झालेच. पण कांगणी, घागऱ्या, माट्टीची फळे, कवंडळे ही रानातलीच हवीत. त्या आठवड्यात रानात जे पिकले आहे तेच वर चढते. माटोळी म्हणजे भाद्रपदातल्या रानाचा हजेरीपटच. आता आपण बाजारातून बांधलेल्या जुड्या आणतो आणि एखादे फळ मिळाले नाही तर त्याच्या जागी सफरचंद टांगतो. सफरचंदाने माटोळी भरते, पण हजेरीपट खोटा होतो. कांगणी का मिळाली नाही? आणणारा माणूस उरला नाही, रान उरले नाही, की फळ आधीच पिकून गळून गेले? तिन्ही उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि विचारल्याशिवाय त्यातले एकही कळणार नाही.

म्हणून माझी सूचना अगदी कारकुनी आहे. एक वही घाला. पहिला मोठा पाऊस कधी, आंब्याला मोहोर कधी, सोलां वाळली की बुरसली, विहिरीचे पाणी कितव्या पायरीवर, माटोळीत काय मिळाले आणि काय नाही. वर्षाला दहा ओळी पुष्कळ झाल्या. गावच्या वाचनालयाने, भजनी मंडळाने, शाळेने ठेवली तर अधिक चांगले. कोकणीत लिहा, मराठीत लिहा, पावसाला दोन्ही भाषा येतात. आणि लिहिण्याआधी ज्याचे हात मातीत किंवा खाऱ्या पाण्यात गेलेले आहेत अशा माणसाला विचारा. ती माणसे सत्तरीकडे झुकली आहेत आणि आपल्याला वाटते त्याहून अधिक बोलायला तयार आहेत. आपण विचारायचाच अवकाश.

ज्यांचा पगार पावसावर अवलंबून नाही, अशा आपल्यासारख्यांनी हे काम करायचे. सवड आपल्याला आहे, कागद-पेन आपल्या हाताशी आहे. येत्या चवथीला माटोळी बांधून झाली की सफरचंद टांगण्याआधी रिकाम्या राहिलेल्या जागेकडे एकदा बघा, आणि तिथे काय असायचे ते घरातल्या पोरांना नावानिशी सांगा.