एसटीपी झाला, पण गाळाचं काय?

मी सांगलीचा. ‘शेरीनाला’ म्हटलं की आम्हाला आधी वास आठवतो. महाबळेश्वर, वाई, माहुली, कऱ्हाड करत कृष्णा इथवर येते आणि शहराचं सांडपाणी या नाल्यातून तिच्यात मिसळत आलंय. ते उचलून धुळगावला न्यायचं, तिथं प्रक्रिया करून शेतीला द्यायचं, अशी योजनाही झाली. तरी मार्च २०२३ मध्ये कृष्णेत माशांचा खच पडला आणि नदीत नेमकं काय सोडलं जातंय, हा प्रश्न पुन्हा वर आला.

अशा वेळी उत्तर ठरलेलं असतं: एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र. आणि बातमीत आकडा एकच, एमएलडी. म्हणजे रोज किती दशलक्ष लिटर. मुंबईत वरळी, धारावी, मालाडसह सात नव्या केंद्रांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं, क्षमता सुमारे २,४६० एमएलडी. पण घाणीला डिलीटचं बटण नसतं. पाण्यातून काढलेली बरीचशी घाण गाळात मूव्ह होते.

वास का येतो?

ताज्या गाळात ९५ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. तो साठून राहिला की ऑक्सिजन संपतो आणि काही बॅक्टेरिया सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. हाच तो सडक्या अंड्याचा वास. अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो. पण साधारण १०० पीपीएमला नाकच बधिर होतं. म्हणजे वास थांबला तर धोका टळला असं नाही, उलट वाढलेला असू शकतो. गटारात, टाकीत उतरलेली माणसं अशीच जातात. म्हणून तिथं नाक नाही, गॅस डिटेक्टर लागतो.

मग करायचं काय?

गाळ बंद डायजेस्टरमध्ये ३५ अंशांच्या आसपास दोन-तीन आठवडे ठेवतात. त्यातून मिथेन मिळतो, त्यावर वीज बनते. उरलेला गाळ सेंट्रिफ्यूजमध्ये पिळून घट्ट करतात. टाक्या झाकून आतली हवा ओढतात आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुतात किंवा बायोफिल्टरमधून सोडतात.

हे सगळं रोज चालवावं लागतं. फीत कापली की काम संपत नाही. त्यामुळे तुमच्या शहराच्या एसटीपीची बातमी फोनवर आली, तर एमएलडीच्या पुढचंही विचारा: गाळ रोज किती निघणार, जाणार कुठे आणि वीज गेली तर पंपांचं काय?