ट्रकचे लायसन्स आणि १५ तासांची नोंद



मोटारगाडी घरातल्या कोणाकडून शिकून घेता येते. मालवाहू ट्रकचे लायसन्स मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९ नुसार शासनमान्य ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रमाणपत्राशिवाय मिळत नाही. ‘नमुना ५’ या नावाच्या या प्रमाणपत्रावर कायद्याने एवढा भरवसा ठेवलेला असताना, अहिल्यानगर जिल्ह्यातील तरुण आणि त्यांचे पालक स्कूल निवडताना बहुधा दोनच गोष्टी विचारतात: सगळे मिळून खर्च किती आणि लायसन्स किती दिवसांत हातात पडेल. शिकवणार कोणत्या गाडीवर आणि चाक किती तास हातात देणार, हे विचारलेच जात नाही, आणि हेवी लायसन्स असूनही भरलेली गाडी चालवता न येणारे चालक यातूनच रस्त्यावर येतात.

वस्तुतः केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ या बाबतीत पुरेसे स्पष्ट आहेत. परिवहन वाहनासाठी, म्हणजे माल किंवा भाड्याने प्रवासी नेणाऱ्या वाहनासाठी, प्रशिक्षण किमान ३० दिवसांचे असावे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १५ तास असावेत, असे नियम ३१ सांगतो. ज्या प्रकारचे वाहन शिकवायचे त्या प्रकारचे वाहन स्कूलकडे असले पाहिजे आणि त्याला दुहेरी नियंत्रण, म्हणजे प्रशिक्षकाच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच, असले पाहिजे, ही नियम २४ ची अट आहे. याहून महत्त्वाची आणि सर्वाधिक दुर्लक्षित तरतूद म्हणजे नमुना १५ ची नोंदवही. शिकणारा कोणत्या तारखेला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणत्या प्रकारच्या वाहनावर बसला, हे तीत लिहायचे असते आणि त्यापुढे प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी या दोघांच्या सह्या घ्यायच्या असतात. ही वही रोजच्या रोज भरली जात असेल तर नमुना ५ ला अर्थ आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी ३० सह्या एका बैठकीत घेतल्या जात असतील, तर ते प्रमाणपत्र केवळ विकत घेतलेला कागद ठरते.

या १५ तासांचे मोल जिल्ह्याच्या रस्त्यांवर कळते. जड ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. पॅडल दाबल्यापासून चाक आवळले जाईपर्यंत क्षणभराचा अवधी जातो, आणि उतारावर ब्रेक सतत दाबून धरला तर ड्रम तापून त्याची पकड सुटत जाते. म्हणून करंजी, इमामपूर किंवा चंदनापुरी घाट उतरताना गाडी आधीच खालच्या गिअरमध्ये घेऊन इंजिनाच्या रोधावर उतरवावी लागते, आणि ही सवय मोकळ्या पटांगणात रिकामी गाडी फिरवून लागत नाही. हंगामात उसाने हौद्याच्या बाहेरपर्यंत लादलेला ट्रक कारखान्याच्या वजनकाट्यावर नेताना किंवा मागे घेताना चालकाला मागचे काहीही दिसत नाही. क्लीनरच्या हाळीवर आणि दोन आरशांवर सारी भिस्त असते. क्लीनर म्हणून चार हंगाम काढून उस्तादाच्या शेजारी बसून शिकलेला चालक या कामात पुष्कळदा तरबेज असतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या परंपरेत उस्तादाच्या चुकाही शिष्याकडे तशाच उतरतात आणि प्रथमोपचारासारखे विषय, जे विहित अभ्यासक्रमात आहेत, ते कधी शिकवलेच जात नाहीत.

लायसन्सवरील नोंदींबाबत, ज्यांना व्यवहारात एंडॉर्समेंट म्हणतात, गैरसमज अधिक आहेत. परिवहन वाहनाच्या शिकाऊ लायसन्ससाठी हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष जुने असावे लागते आणि वय २० वर्षे पूर्ण असावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी बजाज अलियान्झ विरुद्ध रंभा देवी या प्रकरणात असा निर्णय दिला, की मालासह एकूण वजन ७५०० किलोपर्यंत असलेले परिवहन वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर, वेगळ्या नोंदीशिवाय, चालवता येते. टेम्पोचालकांना यामुळे दिलासा मिळाला हे योग्यच झाले. तथापि, आता कोणत्याच नोंदीची गरज उरली नाही, असा अर्थ त्यातून काढणे चुकीचे आहे. धोकादायक मालासाठीची विशेष अट तशीच कायम आहे: नियम ९ नुसार अशा चालकाने ३ दिवसांचे स्वतंत्र प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते आणि तिची मुदत ३ वर्षांची असते. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून इथेनॉल व स्पिरिटचे टँकर निघणाऱ्या या जिल्ह्यात ही अट दूरची नाही. अपघातानंतर चालकाकडे योग्य लायसन्स नसल्याचे सिद्ध झाले, तर विमा कंपनी बळीच्या कुटुंबाला दिलेली रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते, आणि कर्ज काढून ट्रक घेतलेल्या घराला तो बोजा पेलवणारा नसतो.

या व्यवस्थेतील एक उणीवही येथे नोंदवली पाहिजे. अमेरिकेत टँकर चालवण्यासाठी आणि धोकादायक मालासाठी दोन वेगवेगळ्या नोंदी लागतात, कारण अर्धवट भरलेल्या टाकीतील द्रव वळणावर आणि ब्रेक लावताना उसळून गाडीला ढकलतो, मग तो द्रव कोणताही असो. भारतात मालाचा धोका पाहिला जातो, टाकीचा पाहिला जात नाही. त्यामुळे दुधाचा टँकर चालवणाऱ्याला असे कोणतेही प्रशिक्षण बंधनकारक नाही, आणि संगमनेर, राहाता, श्रीरामपूर परिसरात तर दुधाचे टँकर रात्रंदिवस धावतात.

उपाय आवाक्यात आहेत. परिवहन कार्यालयाने चाचणीच्या वेळी नमुना ५ सोबत नमुना १५ ची नोंद तपासावी. ज्यांची वाहतूक या चालकांवर चालते त्या कारखान्यांनी आणि दूध संघांनी वाहतुकीचा करार करताना चालकाचे लायसन्स, त्यावरील नोंदी आणि प्रशिक्षणाचा पुरावा मागावा. जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र उभारता येते. जड वाहनांसाठी त्याला २ एकर जागा, सिम्युलेटर आणि चाचणीमार्ग लागतो, तेथील अभ्यासक्रम ६ आठवड्यांत ३८ तासांचा असतो आणि तो उत्तीर्ण होणाऱ्याला परिवहन कार्यालयाची चालन चाचणी माफ असते. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवणाऱ्या आणि संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था ज्याच्या भूमीवर आहे त्या जिल्ह्यातील सहकाराला २ एकरांचे हे काम जड नाही.

तोपर्यंत ट्रक शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येक तरुणाने फी भरण्यापूर्वी स्कूलचा ट्रक, त्याचे दुहेरी ब्रेक आणि नमुना १५ ची वही पाहायला मागावी, आणि वही दाखवण्यास जे स्कूल का-कू करील तेथे नाव घालू नये.

— एक वाचक, अहिल्यानगर