एकट्याची बुडी, जबाबदारी कोणाची?

स्कूबा डायव्हिंगच्या प्रशिक्षणात सुरुवातीलाच बजावले जाते, की पाण्याखाली एकट्याने जायचे नाही. आपल्या सिलिंडरमधील हवा संपली तर सोबत्याच्या सिलिंडरमधून श्वास घेता यावा, जाळ्यात पाय अडकला तर ते कापणारा हात जवळ असावा, हा त्यामागील हेतू. तरीही 'स्कूबा डायव्हिंग इंटरनॅशनल' या संस्थेने १९९९ मध्ये एकट्याने बुडी मारणाऱ्यांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. पुढे 'पॅडी' या बड्या प्रशिक्षण संस्थेनेही तीच वाट धरली. साहजिकच, अशा बुडीत अपघात झाल्यास उत्तरदायी कोण, हा प्रश्न ऐरणीवर आला.

एकट्या बुडीच्या समर्थकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पर्यटकांच्या बोटीवर अनोळखी माणसांची ऐनवेळी जोडी लावली जाते आणि नवखा सोबती आधार ठरण्याऐवजी ओझे ठरू शकतो. पाण्याखाली छायाचित्रे टिपणारा तर जोडीने उतरूनही बहुतेक वेळ एकटाच असतो. मग एकटेपण मान्य करून त्याची तयारी का करू नये, असा त्यांचा सवाल आहे. ही तयारी सोपी नाही. दोन्ही अभ्यासक्रमांना किमान १०० बुड्यांचा अनुभव लागतो. शिवाय मुख्य सिलिंडरखेरीज हवेचा दुसरा, स्वतंत्र साठा जवळ बाळगावा लागतो. २० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट होतो आणि हवाही तिप्पट वेगाने संपते. तेथे उपकरण बिघडले, तर विचाराला मिळणारा अवधी थोडाच असतो.

सही केली म्हणजे संपले?

बुडीपूर्वी 'धोका माझा मी पत्करला आहे' अशा अर्थाच्या कागदावर सही घेतली जाते. तिचे वजन देशोदेशी वेगळे आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या २००२ च्या कायद्यानुसार, धोकादायक मनोरंजनातील उघड धोका प्रत्यक्षात उतरल्यास त्याबद्दल दुसऱ्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवता येत नाही. ब्रिटनने मात्र १९७७ मध्येच, निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची वा इजेची जबाबदारी व्यावसायिकाला कराराने झटकता येणार नाही, असे ठरवले. भारतातही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अन्यायकारक कराराविरुद्ध दाद मागण्याची सोय केली आहे.

या भेदाचे मर्म १९९८ च्या एका घटनेतून कळते. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफवर एका अमेरिकी दाम्पत्याला समुद्रातच सोडून बोट किनाऱ्याला परतली. प्रवाशांची मोजदाद चुकली होती आणि दोघे बेपत्ता असल्याचे दोन दिवसांनी लक्षात आले. ते कधीच सापडले नाहीत. बोटीचा कप्तान मनुष्यवधाच्या आरोपातून सुटला. कंपनीला मात्र दंड झाला. ते दोघे जोडीनेच उतरले होते, तरी त्याचा उपयोग झाला नाही. पाण्याखालचा धोका डायव्हरने पत्करलेला असतो. माणसे मोजणे हे मात्र बोटवाल्याचेच काम.

आपल्याकडे मालवण-तारकर्लीत येणारे बहुसंख्य पर्यटक प्रशिक्षकाचा हात धरूनच पाण्यात उतरतात. एकट्या बुडीचा प्रश्न त्यांच्यापासून दूर असला, तरी जबाबदारीचा नाही. २४ मे २०२२ रोजी स्कूबा डायव्हिंग करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट तारकर्लीजवळ उलटली आणि दोघांचा बळी गेला. तेथे प्रश्न बुडीचा नव्हे, तर बोटीचा होता.

स्वातंत्र्याचा हक्क मागणाऱ्या एकट्या डायव्हरनेही एक हिशेब ध्यानात ठेवायला हवा. तो वेळेवर वर आला नाही, तर त्याच्या शोधासाठी दुसरे कोणीतरी जीव धोक्यात घालून त्याच पाण्यात उतरते. अशा बुडीला संरक्षण न देणाऱ्या विमा पॉलिसीही असतात. त्यामुळे आर्थिक भार कुटुंबावर पडू शकतो. आपण कोठे उतरणार आणि कधी परतणार, हे किनाऱ्यावर सांगून जाणे ही एकट्याच्या जबाबदारीची पहिली पायरी होय. परतलेल्यांची मोजदाद करणे ही बोटवाल्याची. यापैकी एकाने आपले काम केले, म्हणून दुसऱ्याचे टळत नाही.