केसांची रेषा आणि आजोबांच्या गोळ्या

गेल्या पावसाळ्यात तालुक्यातील एका खेड्यातून एक आजी आपल्या तरुण नातवंडाला घेऊन दवाखान्यात आल्या. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. जन्माने मुलगा, पण लहानपणापासून स्वतःला मुलगी मानणारी आणि आता तशी राहू लागलेली ती नात डोक्यावरून ओढणी घट्ट लपेटून बसली होती. आजींच्या तोंडी कधी ‘ह्याला’ येई, कधी ‘हिला’. ओढणी बाजूला झाली तेव्हा कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकलेले दिसले. आजींनी एवढेच विचारले, “डॉक्टरसाहेब, हिचे केस पुन्हा येतेत का?”

मग त्यांनी पिशवीतून औषधे काढली. आजोबांना प्रोस्टेटसाठी दिलेल्या फिनास्टेराइडच्या गोळ्या त्यात होत्या. त्यातली पाव गोळी रोज नातीला मिळत होती. शिवाय कोणा मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती गर्भनिरोधक गोळ्या दिवसाला चार-चार घेत होती. मायेपोटी चाललेला हा उपचार मला केसगळतीपेक्षा अधिक धोक्याचा वाटला.

अशी माणसे आपल्या भागाला अपरिचित नाहीत. लुगडे नेसलेले, केस वाढवलेले यल्लम्माचे जोगते आपल्यापैकी अनेकांनी दारी आलेले पाहिले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांची ओळख कायद्याने मान्य केली. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये संमत केलेल्या नव्या वर्गीकरणात ही अवस्था मानसिक आजारांतून वगळली. तेव्हा ‘हे वेड कधी जाईल’ हा प्रश्न वैद्यकाच्या दृष्टीने संपलेला आहे. आजींचा प्रश्न मात्र खरा होता.

पुरुषांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचे अधिक प्रखर संप्रेरक तयार होते. आनुवंशिक कल असलेल्यांत ते कपाळावरच्या व टाळूवरच्या केसांची मुळे हळूहळू बारीक करीत नेते. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 मध्ये दाखवून दिले की, वयात येण्यापूर्वी अंडकोश गमावलेल्यांना टक्कल पडत नाही. मात्र त्यांनाच टेस्टोस्टेरॉन दिले, तर घराण्यात टक्कल असणाऱ्यांचे केस जाऊ लागतात. स्त्रीत्वाकडे नेणाऱ्या उपचारात नेमके हेच संप्रेरक खाली आणले जाते. त्यामुळे गळती बहुधा थांबते, आणि बारीक झालेले काही केस वर्षभरात पुन्हा जाड होतात. जिथे कातडी गुळगुळीत होऊन वर्षे लोटली आहेत, तिथे मात्र नवे केस उगवण्याची आशा फार धरू नये. म्हणून ‘बघू पुढे’ म्हणत घालवलेली वर्षे या बाबतीत महाग पडतात.

आता त्या पिशवीकडे वळू. गर्भनिरोधक गोळ्यांत बहुधा एथिनिल एस्ट्राडायॉल असते. जादा मात्रेत त्याने शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. तंबाखू-सिगारेट ओढणाऱ्यांत तो आणखी असतो. एकच पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर घरगुती उपाय न करता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. तज्ज्ञ या उपचारासाठी वेगळे, म्हणजे नैसर्गिक स्वरूपाचे एस्ट्राडायॉल वापरतात आणि रक्त तपासून मात्रा ठरवतात.

फिनास्टेराइड तुलनेने सौम्य खरे. पण टेस्टोस्टेरॉन पुरेसे उतरल्यावर त्याचा जादा लाभ फारसा उरत नाही. काहींचे मन त्याने उदास होते. आजींच्या सूनबाई गरोदर होत्या आणि गोळी तोडण्याचे काम त्यांच्याकडे होते, हे ऐकून मी दचकलो. फुटलेली गोळी गर्भवतीने हाताळू नये. पोटातील मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. आणि आजोबांसाठी एक सूचना: ही गोळी चालू असताना पीएसए तपासणीचा आकडा सुमारे निम्मा दिसतो, तेव्हा डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे.

घरोघरीच्या डब्यात आणखी एक गोळी असते, ती हृदयविकारात पायांच्या सुजेसाठी दिलेली स्पायरोनोलॅक्टोन. या उपचारातही ती वापरतात, मात्र मूत्रपिंड व पोटॅशियम तपासूनच. तीही वाटून घेऊ नये.

डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. पहिले काही आठवडे केस अधिकच गळतात आणि लोक घाबरून ते सोडतात. चार-सहा महिने धीर धरावा लागतो, आणि थांबवले की मिळवलेले जाते. ते कपाळावर ओघळू देऊ नये, नाहीतर नको तिथे लव वाढते. उरलेल्या केसांना गंगावन किंवा घट्ट अंबाडा लावून ओढ देणे हेही गळतीचे एक कारण आहे. नातीच्या कानांवरचे केस त्यानेच विरळ झाले होते. थायरॉइड आणि रक्तातील लोह मी तपासून घेतले.

केसरोपणाची घाई नको. मानेकडच्या केसांचा साठा मर्यादित असतो. संप्रेरके स्थिरावून, साधारण वर्षभराने, काय परत आले ते पाहून नवी रेषा आखावी. स्त्रीची रेषा गोलसर, कोपरे भरलेली असते. ती आखण्याचा अनुभव असलेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जावे, जाहिरातीच्या फलकाकडे नव्हे.

दोन्ही गोळ्या बंद करून मी त्यांना लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचाविभागाकडे आणि संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. दर तीन महिन्यांनी एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी डोक्याचा फोटो काढायला सांगितले. मोबाइल आजींनी धरायचा असे ठरले. उठता उठता त्यांनी विचारले, “माक्याचं तेल लावलं तर चालंल का?” चालेल, मी म्हटले. त्याने केस उगवणार नाहीत, पण तुम्ही लावून द्या. फक्त मिनॉक्सिडिल लावल्यानंतर चार तास थांबा.